पान खालून पिवळे पडते की वरून?

डहाणूहून चिंचणीकडे जाताना घराघरांच्या मागे नारळाच्या सोडणांचे ढीग दिसतात. आमच्याकडे सोडणाचा उपयोग ठरलेला आहे. बंबात घालायचे, पाणी तापवायचे, थोडा काथ्या भांडी घासायला काढून ठेवायचा. त्या काथ्यातून झडणारा तपकिरी भुसा मात्र कुणाच्याच कामाचा नव्हता. झाडून बाहेर टाकायचा, बस्स. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहून गेलेल्या इब्न बतूताने काथ्याच्या दोरीने जहाजांच्या फळ्या शिवतात हे मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले आहे. धागा कामाचा आणि भुसा कचरा, ही वाटणी इतकी जुनी. केरळात तर काथ्याच्या कारखान्यांबाहेर या भुशाचे डोंगर साचत, कारण तो लवकर कुजतही नाही.

आता तोच भुसा वाळवून, दाबून, पाच किलोच्या विटा करून दक्षिणेकडून ट्रकने आमच्या जिल्ह्यात येतो आणि लोक पैसे मोजून तो घेतात. त्याला कोकोपीट म्हणतात. एक वीट पाण्यात सोडली की फुगून सत्तरेक लिटर होते. हलका, पाणी धरून ठेवणारा, मातीतल्या रोगांपासून बराचसा मोकळा. डहाणू म्हटले की बाहेरच्या माणसाला चिकू आठवतो. घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गेल्या काही वर्षांत डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ढोबळी मिरचीही मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आहे आणि तिची रोपे या भुशात, प्लॅस्टिकच्या खाचांच्या ट्रेमध्ये वाढतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात शेती कुणी केलेली नाही. तरी या भुशाशी आमचा संबंध आला तो मामूंमुळे.

मामूंनी तलासरीजवळ भाड्याच्या जागेत शेडनेट उभारून रोपवाटिका सुरू केली होती. हे शेडनेट त्यांना फार प्रिय. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, भिंतींना भेगा पडल्या आणि लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपू लागले, तेव्हा मामूंचे सगळे घर याच जाळीखाली झोपायचे. वरून पडले तर कापड पडेल, असे ते म्हणायचे.

२०२३च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी शंभर ट्रे भरले. एका ट्रेला ९८ खाचा, म्हणजे दहा हजारांना थोडी कमी रोपे. संकरित मिरचीचे बी दाण्यागणिक मोजून विकतात, ते स्वस्त नसते. शेतकऱ्यांकडून आगाऊ रक्कम घेऊन त्यांनी बी आणले होते आणि उरलेल्या पैशांत धाकट्या मुलीची नर्सिंगची फी भरली होती. रोपे पाच आठवड्यांत द्यायची होती. तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडू लागली.

ज्याने पाहिले त्याने वेगळे सांगितले. एक म्हणाला बोकड्या आहे, फवारा मारा. दोनदा मारला. दुसरा म्हणाला खत कमी पडते. दुकानातून १९:१९:१९ची पिशवी आणली, विरघळवून दिली. तिसऱ्याने सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली दिली. प्रत्येक उपायानंतर पाने आणखी पिवळी. एका रविवारी मामू रुमालात आठ-दहा रोपे गुंडाळून आमच्या घरी आले आणि म्हणाले, ‘‘बेटा, तू बच्चों को साइन्स पढाती है. देख तो, क्या कम है इसमें.’’

बी.एड.ला आम्हांला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन असा एक घटक होता. बहुतेकांनी तो परीक्षेपुरता पाठ केला असेल. मूल गणितात नापास झाले म्हणून त्याच्याकडून तीच उदाहरणे दुप्पट करून घ्यायची नाहीत. ते नेमके कुठे अडते ते शोधायचे. भागाकार येत नाही, की वजाबाकी येत नाही म्हणून भागाकार अडतो? मामूंच्या रोपांवर आतापर्यंत जे झाले ते दुप्पट उदाहरणांसारखेच होते. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेची भिंगे घेऊन तलासरीला गेलो.

पानाचे निदान करताना पहिला प्रश्न ‘काय कमी आहे’ हा नसतोच. ‘कुठले पान’ हा असतो. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरू शकतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना देते, त्यामुळे खालची पाने आधी खराब होतात. कॅल्शियम, लोह, बोरॉन यांना असे फिरता येत नाही. एकदा ज्या पानात बसले तिथेच राहतात. ती कमी पडली की शेंड्याचे हाल होतात आणि खालची पाने हिरवीगार. आई-बाप उपाशी राहून मुलांना भरवतात ते घर पहिल्या प्रकारचे. दुसऱ्या प्रकारच्या घराबद्दल बोलायला नको.

मग पिवळेपणा कसा आहे ते पाहायचे. खालचे सबंध पान सारखे फिकट झाले तर नत्र. कडा करपल्यासारख्या झाल्या तर पालाश. पान जांभळट, रोप खुजे, तर स्फुरद. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे खालच्या पानात दिसले तर मॅग्नेशियम, आणि हुबेहूब तसेच शेंड्याच्या पानात दिसले तर लोह. चित्र एक, जागा वेगळी. पुस्तकातले रंगीत फोटो पाहून गफलत होते ती इथेच, कारण फोटोत सुटे पान असते. ते खोडावर कुठे होते हे फोटो सांगत नाही.

मामूंच्या शेडनेटमध्ये एक वारली बाई कामाला येत असे. आम्ही विचारायच्या आधीच तिने सांगितले की पिवळेपणा खालून वर चढतो आहे आणि शेंडा वेगळ्याच तऱ्हेने वाकडा होतो आहे, ही दोन दुखणी आहेत. तिला हे पहिल्या आठवड्यापासून दिसत होते. तिला कुणी विचारले नव्हते. आमच्या मते त्या शेडनेटमधली सगळ्यांत चांगली निरीक्षक तीच होती, आणि फवारणीचे पैसे वाचले असते.

भिंगाखाली पाने उलटी करून पाहिली. फुलकिडे नाहीत, कोळी नाहीत. म्हणजे बोकड्याची गोष्ट संपली. खालच्या पानांत शिरा हिरव्या, मधे पिवळे. शेंड्याची कोवळी पाने आखडलेली, टोके तपकिरी. खाली मॅग्नेशियम आणि वर कॅल्शियम, दोन्ही एकदम कमी. कोकोपीट वापरणाऱ्याच्या नशिबी ही जोडी हमखास येते, आणि त्याचे कारण भुशाच्या जन्मातच आहे.

नारळ वाढतो खाऱ्या वाऱ्यात. त्याच्या सोडणात मुळातच पालाश, सोडियम आणि क्लोराइड भरपूर. शिवाय धागा सुटावा म्हणून कित्येक ठिकाणी सोडण खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने सडवतात. या भुशाच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचे कण त्याला चिकटून बसतात. वर्गात आम्ही हे बाकांवरून समजावतो. सगळ्या बाकांवर आधीच सोडियम आणि पालाश बसलेले आहेत. तुम्ही खतातून कॅल्शियम पाठवले, की त्याचा भार दुप्पट असल्याने तो बसलेल्याला उठवून स्वतः बाक पटकावतो. मॅग्नेशियमही तसेच करते. रोपाच्या मुळाशी मग कोण पोहोचते? उठवले गेलेले सोडियम आणि पालाश. ज्यांची गरज होती ते बाकावर ठाण मांडून बसलेले. पालाश वाढला की मुळे मॅग्नेशियम आणखीनच कमी घेतात. आणि त्या १९:१९:१९मध्ये नत्र, स्फुरद आणि पालाश आहेत, कॅल्शियम-मॅग्नेशियम नाहीत. म्हणजे पिशवीगणिक दुखणे वाढत होते.

नुसत्या पाण्याने धुऊन हे सुटत नाही. मोकळे मीठ वाहून जाते, बाकावरचे हलत नाही. म्हणून बी पेरायच्या आधीच भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सगळे बाक कॅल्शियमने भरून टाकायचे, मग साध्या पाण्याने धुवायचे. चांगल्या विटा असे करूनच विकल्या जातात, पण त्या महाग. मामूंच्या विटांवर काहीच लिहिलेले नव्हते. त्यात मामूंकडचे पाणी अगदी मऊ. साबणाला भरपूर फेस यायचा. हीच घरगुती परीक्षा आहे, मऊ पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नावापुरतेच असते. बायका म्हणायच्या पाणी किती छान आहे. धुण्याला छान होते, मिरचीला नव्हते.

आमचा अंदाज बरोबर आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळणार नव्हते. घरचे पाणी शुद्ध करायचे यंत्र दुरुस्त करणाऱ्यांकडे क्षार मोजायचे पेन असते, ते मागून आणले. एका ट्रेमधला ओला भुसा मुठीत पिळून पाणी पेल्यात काढले. क्षारांचे प्रमाण देत होतो त्या खताच्या पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक निघाले. मग तो भुसा आणि पाणी घेऊन मामू कोसबाडला गेले.

कोसबाडची टेकडी आम्हा शिक्षकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७मध्ये ते कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यायची, ते गुरे चारत असेल तर कुरणात शाळा भरवायची, हे त्यांनी इथे करून दाखवले. बी.एड.च्या वर्गात त्यांचे नाव परीक्षेत पाच गुणांना येते. त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांनी मामूंना बसवून घेतले, रोपे पाहिली आणि निदान तेच सांगितले. उपाय असा : एक-दोन वेळा ट्रेमधून साधे पाणी भरपूर जाऊ द्या, मग लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मुळाशी द्या. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. दोन्ही एका बादलीत दाट कालवू नका. कालवले तर कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम होते, तळाशी बसते आणि रोपाला दोन्ही मिळत नाही.

पुढचे दहा दिवस मामूंना झोप नव्हती. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, हे त्यांना पटवणे सगळ्यांत कठीण गेले. ते रोज तीच खालची पाने पाहायचे आणि फोनवर सांगायचे की काही फरक नाही. आम्ही सांगायचो, ‘‘मामू, नवीन पान पाहा.’’ आठव्या दिवशी त्या वारली बाईने शेंड्याचे पान सरळ उघडले आहे असे त्यांना दाखवले. रोपे आठवडाभर उशिरा गेली. पासष्ट ट्रे गेले, वीस ट्रे खुजे राहिले म्हणून निम्म्या भावात दिले, पंधरा फेकावे लागले. दोघा शेतकऱ्यांनी आगाऊ रक्कम परत मागितली, ती मामींच्या बांगड्या ठेवून दिली. नर्सिंगचे पहिले वर्ष मात्र चालू राहिले.

या सगळ्या धावपळीत आम्ही रोपे वर्गात घेऊन गेलो होतो. नववीचा वर्ग. उर्दूत हरितद्रव्याला ‘सब्जीना’ म्हणतात. आम्हांला मराठी शब्दापेक्षा हा अधिक आवडतो, कारण त्यात भाजीपाल्याची सब्जी ऐकू येते आणि मुलांना तो विसरायला होत नाही. सब्जीन्याच्या कणाच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेले असते, म्हणून मॅग्नेशियम गेले की हिरवा रंग जातो, हे सांगितले. मग एका मुलीने विचारले, ‘‘टीचर, खून के बीच में क्या होता है?’’ रक्ताच्या लाल द्रव्यात त्याच जागी लोह असते, असे सांगितले. दोन्हींची घडण इतकी सारखी असते, हे ऐकून वर्ग थोडा वेळ गप्प झाला.

शाळेचे अंगण फरशीचे आहे, माती नाही. म्हणून गच्चीवर आम्ही कोकोपीटच्या पिशव्यांत मिरची आणि टोमॅटो लावले होते. तिथे दुखणे उलटे होते. शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या, खालची पाने ठीक. म्हणजे लोह. पण खतात लोह होते. शाळेला पाणी बोअरचे, आणि ते जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे थर धरतात. अशा पाण्याने भुशाचा सामू वाढत जातो. तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा लागतो. साडेसहाच्या वर गेला की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. तलासरीच्या मऊ पाण्यात एक दुखणे, डहाणूच्या जड पाण्यात दुसरे, भुसा मात्र त्याच जातीचा. म्हणून ‘कोकोपीटला अमुक औषध’ असे कुणी सांगितले तर आम्ही आधी विचारतो, पाणी कुठले?

मुलींना आम्ही पाण्यात थोडे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूफूल, घालून सामू खाली आणायला लावला. लिटमसपेक्षा थोडी बारीक मोजणारी पट्टी आणली. दोन आठवड्यांत नवी पाने हिरवी आली. लोहाचा एक कणही वाढवला नव्हता.

तेवढ्यात सोमवार आला. सोमवारी आठवड्याची निळी गोळी असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात लाली कमी आढळली होती. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाकांवर हे दुखणे बसलेले असणारच. पण गोळी घेताना काही मुली तोंड वाकडे करतात, मळमळते म्हणतात, काही ती रुमालात लपवतात. त्यातली एक मुलगी, हुशार, तिसऱ्या तासाला हमखास डोके बाकावर टेकणारी. आधीच्या वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘आळशी’ असा शेरा होता. तो आमचा नव्हता, पण कुणाचा होता हे सांगून उपयोग नाही. त्या सोमवारी तिने विचारले की गोळी वर्षभर घेऊनही तिची नखे पांढरीच का आहेत.

आम्ही तिला गच्चीवरचे टोमॅटो आठवायला सांगितले. लोह होते, मग पान पिवळे का होते? तिने थोडा विचार करून विचारले, ‘‘पानी?’’ मग आम्ही तिला विचारले, गोळी कशाबरोबर घेतेस. ती गोळी घरी नेत असे आणि चहाबरोबर घेत असे. तिच्या घरात सकाळ आणि दुपार मिळून जेवण म्हणजे चहा आणि पाव. आई फुग्यांच्या कारखान्यातले काम घरी आणते. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत आणि मोजून पाकिटे भरायचे काम बायका करतात, हात गुंतलेले, चूल उशिरा. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते, पोटातून रक्तात जाऊ देत नाही. लिंबू उलट काम करते. हे वाक्य आम्ही पुरे करायच्या आधीच तीन मुली ओरडल्या, ‘‘लिंबू!’’ लिंबाने झाडात आणि पोटात एकच क्रिया होते असे नाही, तिथे सामू खाली येतो आणि इथे क जीवनसत्त्व लोहाचे रूप बदलते. हे आम्ही त्यांना सांगितले, कारण उपमा आवडली की मुले तिलाच विज्ञान समजतात. मोठी माणसेही तेच करतात.

आम्ही डॉक्टर नाही. पानाकडे पाहून गोळी ठरवता येते, मुलीकडे पाहून नाही. म्हणून तिच्या आईला बोलावले. आई आली ती काम सोडून, बुरख्याला फुग्यांची पांढरी पावडर लागलेली. तिची पहिली शंका पैशांची होती आणि दुसरी, मुलीला काही आहे असे कळले तर पुढे स्थळ येताना अडचण होईल का, अशी. दुसऱ्या शंकेवर जास्त वेळ गेला. आम्ही तिला सांगितले की हे दुखणे तिलाही असण्याची शक्यता मुलीइतकीच आहे, तेव्हा दोघींचे रक्त एकदम तपासू या. यावर ती तयार झाली, बहुधा एकटीच्या मुलीचे नाव लागत नाही म्हणून.

सरकारी रुग्णालयात दोघींची तपासणी झाली. या वयाच्या मुलीला बारा ग्रॅम हिमोग्लोबिन हवे. मुलीचे ८.९ निघाले, आईचे ८.३. डॉक्टरांनी दोघींना जंताची गोळी आणि रोजच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या आणि चहा दोन तास लांब ठेवायला सांगितला. गच्चीवरच्या पिशव्यांत एका कोपऱ्यात मेथी आणि माठ लावायची कल्पना मुलींचीच. त्याने कुणाचे रक्त वाढेल इतका माठ तिथे येत नाही, पण शाळेच्या खिचडीत तो पडतो आणि मुली तो खातात, कारण तो त्यांचा असतो.

मामूंनी पुढच्या हंगामात विटा घेताना आधी एक वीट भिजवून, पिळून मोजली आणि मगच बाकीच्या उतरवून घेतल्या. भुसा कॅल्शियमच्या पाण्यात भिजवायचे काम आणि क्षार मोजायचे पेन, दोन्ही त्यांनी त्या वारली बाईकडे दिले. तिची मजुरी वाढवली का, असे आम्ही विचारले, तेव्हा मामू थोडे हसले आणि म्हणाले, बढायी है. किती ते सांगितले नाही.

जानेवारी २०२४मध्ये मुलीची दुसरी तपासणी झाली. १०.७. आईचे ९.८. मुलगी चिठ्ठी घेऊन थेट वर्गात आली आणि फळ्यावर बारामधून १०.७ वजा करून दाखवले. डॉक्टरांनी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या होत्या.